स्पोर्ट्स कारला कुठलं इंजिन टाकायचं? सोलापुरात बसून पर्याय कसे तपासायचे

गाडीचा पिकअप वाढवायचाय असं मनात आलं की माणूस आधी मोबाईलवर व्हिडिओ बघतो, मग दोनचार गॅरेजला विचारतो, आणि प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एक म्हणतो रीमॅप मार (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदल), दुसरा म्हणतो टर्बो टाक (म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), तिसऱ्याकडे "मित्राचं एक इंजिन पडूनच आहे". माझ्याकडे जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे, २०००च्या सुमाराची, १.५ लिटर, कंपनीचा आकडा १०६ पीएस (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर). तिच्यासाठी मी हे सगळं फिरून झालोय, कुर्ल्याच्या भंगार बाजारापासून आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्यांपर्यंत. त्यामुळे जे पहिल्यांदा यात पडतायत त्यांच्यासाठी क्रमाने लिहितोय. तुमची गाडी पोलो जीटी असो, ऑक्टाव्हिया आरएस असो, नाहीतर कुणाकडून घेतलेली दोन दारांची इम्पोर्टेड असो, क्रम हाच ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. इंजिनाची तुलना हॉर्सपॉवरच्या आकड्यावर करू नका. तुमचा गिअरबॉक्स, तुमचं कूलिंग आणि तुमची आरसी जेवढं झेपवेल तेवढंच इंजिन तुमचं.

१. आधी ठरवा, पळवायचं कुठं

हा प्रश्न सोपा वाटतो म्हणून लोकं सोडून देतात. रोज जुळे सोलापूर ते सात रस्ता करायचं आणि महिन्यातून एकदा पुणे हायवेला जायचं असेल तर तुम्हाला खालच्या आरपीएमला टॉर्क (इंजिनाची ओढ) पाहिजे, म्हणजे छोटा टर्बो किंवा मोठ्या सीसीचं इंजिन. ट्रॅकवर न्यायची असेल (कोइमतूरचं करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक) तर वरच्या आरपीएमला दम पाहिजे, आणि वीस मिनिटं सलग तापूनही न थकणारं इंजिन पाहिजे. सरळ ड्रॅग (सरळ रेषेतली छोटी शर्यत) मारायची असेल तर हिशोब आणखी वेगळा.

हे एका कागदावर एका वाक्यात लिहा आणि तो कागद गाडीतच ठेवा. गॅरेजमध्ये उभं राहिल्यावर मन लई फिरतं.

तुळजापूर रोड, विजापूर रोड, बायपास हे टेस्टिंगचे रस्ते नाहीत. ऊसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून, मागे लाईट नसताना रात्रीचे चालत असतात. सीझनमध्ये तर विचारूच नका.

२. आरसी हातात घ्या, पाना उचलायच्या आधी

हा टप्पा सगळ्यात कोरडा, पण इथं चुकलात तर लाखभर रुपयांचं काम उलटं करावं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ जे तपशील दिलेत त्याच्याशी आरसीतले तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही याच बाजूने निकाल दिलाय. आणि २०१९च्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मग प्रत्यक्षात काय शक्य आहे? तुमच्याच गाडीचं, त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन बदलून टाकायचं असेल तर एमएच १३ च्या आपल्या आरटीओत आधी अर्ज देऊन परवानगी घ्या, बसवल्यावर गाडी दाखवा आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. दुसऱ्याच कंपनीचं, जास्त सीसीचं इंजिन टाकून ती गाडी रस्त्यावर कायदेशीर चालवता येईल असं कुणी सांगत असेल तर त्याला म्हणा, तसा कागद दाखव. असं इंजिन टाकायचं तर गाडी फक्त ट्रॅकची, म्हणजे फ्लॅटबेडवर नेऊन फ्लॅटबेडवरच आणायची. तो खर्चही हिशोबात धरा. टर्बो आणि आतले बदल आरसीवर दिसत नाहीत म्हणून चालतात असं समजू नका, त्याबद्दल आरटीओत आणि विमा कंपनीला आधीच विचारा.

कागद जमवून ठेवा:
- आरसी, चालू विमा, पीयूसी
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती (ती नसेल तर फाईल पुढे सरकत नाही)
- नव्या इंजिनाचं बिल, त्यावर इंजिन नंबर स्पष्ट लिहिलेला
- ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची प्रत, आणि ती गाडी भंगारात गेली असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राचं सर्टिफिकेट
- चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा आणि दोन्ही इंजिन नंबरांचे फोटो
- आधार आणि पत्त्याचा पुरावा

माझ्यासारखी पंधरा वर्षं ओलांडलेली गाडी असेल तर आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू होते आणि तेव्हा तपासणीत इंजिन नंबर बघितला जातो. म्हणजे आज लपलं तरी तेव्हा उघडं पडणार.

३. आहे ते इंजिन किती जिवंत आहे ते बघा

निम्म्या लोकांना नवं इंजिन लागतच नाही हे माझं ठाम मत आहे. दीड लाख किलोमीटर झालेल्या इंजिनाने कंपनीच्या आकड्यातले पंधरा-वीस घोडे आधीच घालवलेले असू शकतात, ते परत आणणं हाच सगळ्यात स्वस्त अपग्रेड.

कंप्रेशन टेस्ट करा. इंजिन गरम, बॅटरी फुल्ल चार्ज, सगळे प्लग काढलेले, फ्युएल पंप आणि इग्निशनचे फ्यूज काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि मग स्टार्टर मारा. आकडा किती आला यापेक्षा सिलेंडरा-सिलेंडरात फरक किती आहे ते महत्त्वाचं. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर बरं. एखाद्यात कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत बघा, वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. त्यानंतर लीक-डाऊन टेस्ट (सिलेंडरमध्ये कंप्रेसरने हवा भरून बघायची), त्यात हवा कुठून निसटतेय ते कानाला कळतं: सायलेन्सरमधून, इनटेकमधून, की ऑइलच्या झाकणातून. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड उघडायचं हे नक्की.

लागणारी हत्यारं: कंप्रेशन गेज, लीक-डाऊन टेस्टर आणि छोटा कंप्रेसर, ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा (२०००च्या आसपासच्या गाड्यांना सगळे स्कॅनर लागत नाहीत, बघून घ्या), टॉर्क रेंच, टायमिंग लाईट. विकत घ्यायची गरज नाही, गॅरेजवाल्याला आधी फोन करून विचारा त्याच्याकडे आहेत का. "कानाने सांगतो" म्हणणाऱ्याचा अनुभव मोठा असेल, मी मान देतो, तरीसुद्धा गेज लावूनच घ्या.

४. पर्याय एकेक करून मांडा

आता मुख्य भाग. साधारण स्वस्तापासून महागाकडे जातो.

*अ) आहे तेच इंजिन, नव्यासारखं करून.* हेड फेसिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग, गरज असेल तर बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन, नवे बेअरिंग, ऑइल पंप, टायमिंग बेल्ट. सोलापुरात हे काम होतं, ट्रॅक्टर-ट्रकची इंजिनं उघडणारी मशीन शॉप इथं भरपूर आहेत. फक्त एक काळजी, ट्रॅक्टरच्या इंजिनाला चालणारा पिस्टन क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलेंडरमधली फट) सात हजार आरपीएमला फिरणाऱ्या होंडाला चालत नाही. सर्व्हिस मॅन्युअलमधले आकडे छापून त्यांच्या हातात द्या आणि काम झाल्यावर मायक्रोमीटरने मोजून घ्या, समोर उभं राहून. मी शेवटी हाच पर्याय घेतला.

*आ) रीमॅप.* हा फक्त टर्बो गाड्यांमध्ये खरा कामाचा. टर्बो नसलेल्या इंजिनात रीमॅपने जे मिळतं ते थोडंच, पैसे दुसरीकडे लावा. टर्बोत मात्र जपून. पोलो जीटी टीएसआयचं १.२ इंजिन १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर देतं, त्याच्या मागे ड्राय क्लचचा सात स्पीड डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), मॉडेल डीक्यू२००, आणि त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटरची. ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयलाही भारतात हाच गिअरबॉक्स होता, म्हणून १८० पीएसचं इंजिन असूनही टॉर्क बरोबर २५० वर थांबवलेला. मग रीमॅपवाला "तीनशे करून देतो" म्हणतो तेव्हा इंजिन देईल हो, क्लच देणार नाही. ऑक्टाव्हिया आरएसचा ओल्या क्लचचा डीएसजी ३५० न्यूटन मीटर कंपनीकडूनच झेपवतो, तिथं थोडी मोकळीक आहे.

*इ) टर्बो नसलेल्या इंजिनाला टर्बो.* दिसायला सोपं, आणि सगळ्यात जास्त इंजिनं यातच फुटतात. साध्या इंजिनाचं कंप्रेशन रेशो दहाच्या आसपास असतं, त्यावर बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) टाकला की नॉकिंग, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटणं, आणि नॉकिंगमध्ये पिस्टनच्या कडा तुटतात. नीट करायचं तर फोर्ज्ड पिस्टन, फोर्ज्ड रॉड, मोठे इंजेक्टर, मोठा फ्युएल पंप, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), आणि हे सगळं ट्यून करणारा माणूस. एवढी यादी झाली की पुढचा पर्याय कधीकधी स्वस्त पडतो.

*ई) त्याच कुटुंबातलं मोठं इंजिन.* हा माझा आवडता पर्याय, कारण माउंटिंग, गिअरबॉक्स, एक्सल बरंचसं जुळतं. मारुतीचं उदाहरण घ्या, एस्टीमचं १२९८ सीसीचं जी१३बीबी आणि जुन्या बलेनोचं १५९० सीसीचं जी१६बी एकाच घराण्यातली. म्हणून जुन्या मारुतीवाल्यांमध्ये हे बदल इतके चालतात. पण आरटीओचा नियम इथंही तोच, सीसी बदलली म्हणजे आरसी बदलली.

आता होंडावाल्यांनी इकडं लक्ष द्या, इथं खूप जण फसतात. सिव्हिक १.८ चं १३२ पीएसचं आर१८ इंजिन भंगारात सापडतं, सीआर-व्ही आणि अकॉर्डमधून निघालेलं के२४ (२३५४ सीसी) पण सापडतं, आणि वाटतं होंडात होंडाच तर बसवायचंय. जुनी डी आणि बी सिरीजची इंजिनं उलटी, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध फिरतात. के आणि आर सिरीज सुलटी फिरतात आणि त्यांचा गिअरबॉक्स बेमध्ये (बोनेटखालच्या इंजिनाच्या जागेत) दुसऱ्या बाजूला येतो. म्हणजे माउंटिंग, एक्सल, गिअरची लिंकेज, एक्झॉस्ट, वायरिंग सगळं नव्याने करायचं. परदेशात के-स्वॅपसाठी (के सिरीजचं इंजिन बसवायला) तयार किट मिळतात, इथं ते मागवा नाहीतर वेल्डिंग करून बनवा, आणि वेल्डिंगने बनवलेल्या माउंटिंगवर माझा विश्वास नाही जोपर्यंत बनवणाऱ्याने आधी दोनचार गाड्या केलेल्या दिसत नाहीत.

*उ) पूर्ण परकं इंजिन.* व्हिडिओत सगळ्यात जास्त हेच दिसतं. अमेरिकन जीएमचं एलएस व्ही८ लहान गाड्यांत का बसतं? कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच असल्यामुळे वरून हेडं छोटी राहतात, म्हणून ५.७ लिटरचं एलएस१ माझदा आरएक्स-७ च्या बेमध्येही मावतं. टोयोटाचं २जेझेड, २९९७ सीसी, लोखंडी ब्लॉक, म्हणून लोकं त्यात प्रचंड बूस्ट टाकतात, पण ते सरळ सहा सिलेंडरचं लांब आणि जड धूड आहे, पुढच्या चाकांवर वजन पडतं आणि गाडी वळायला आळशी होते. माझदा एमएक्स-५ मध्ये हल्ली के२४ टाकायची पद्धत आहे, हलकं इंजिन आणि भरपूर ताकद, गाडीचा तोल बिघडत नाही. माझदाचं १३बी रोटरी (६५४ सीसीचे दोन रोटर) फार गोड आवाजाचं, पण ते प्रचंड तापतं, ऑइल खातं, ॲपेक्स सील (रोटरच्या टोकांच्या पट्ट्या) गेले की पूर्ण उघडायचं, आणि त्याची कंप्रेशन टेस्ट साध्या गेजने नीट होतही नाही. सोलापूरच्या मे महिन्यात मी ते कुणालाही सुचवणार नाही. या गटातलं कुठलंही घेण्याआधी एकच तपासा: वॉटर पंप, सेन्सर, गॅस्केट सेट आठ दिवसांत पुण्या-मुंबईत मिळतात का.

५. आकडे एका मापात आणा

कुणी बीएचपी सांगतं, कुणी पीएस, कुणी क्रँकवरचा आकडा, कुणी चाकावरचा. सूत्र लिहून ठेवा: न्यूटन मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७०२३, म्हणजे पीएस. १७५ न्यूटन मीटर ४००० आरपीएमला म्हणजे साधारण १०० पीएस. कुणी "इतका टॉर्क आणि इतकी पॉवर" सांगितली की हे सूत्र लावा, खोटं लगेच कळतं.

डायनोचा (ताकद मोजायच्या मशीनचा) कागद मागा, आणि करेक्शन (हवामानाचा फरक धरून केलेली दुरुस्ती) लावलेला आणि न लावलेला दोन्ही आकडे मागा. कारण आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, म्हणजे हवेचा दाब साधारण पाच टक्के कमी, आणि मे महिन्यात ४२ अंशाला हवा १५ अंशाच्या मानाने आठ-नऊ टक्के विरळ. टर्बो नसलेलं १०० घोड्यांचं इंजिन इथं दुपारी सत्त्याऐंशीच्या आसपासच असणार. टर्बो उंचीचा तोटा भरून काढतो, पण गरम हवेचा मार त्यालाही बसतोच, इंटरकूलर तापला की ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि गाडी एकदम झोपते. म्हणून जानेवारीत गड्डा यात्रेच्या वेळी केलेलं ट्यूनिंग मेमध्ये परत तपासायचं.

६. गिअरबॉक्स, कूलिंग, ब्रेक

इंजिनाच्या किमतीइतकीच रक्कम यासाठी बाजूला ठेवा, निदान तेवढी तरी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, एक्सल, माउंटिंगचे रबर. रेडिएटर जाड कोअरचा, फॅन श्राउडसकट (फॅनभोवतीच्या कव्हरसकट), ऑइल कूलर, आणि रेडिएटर कॅप बरोबर दाबाची, कारण दाबामुळेच कूलंट शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. नुसतं पाणी टाकून फिरणारे इथं लई आहेत, तसं करू नका, आतून गंजतं. मूळ गाडीतला तापमानाचा काटा मधे अडकूनच राहतो आणि उशिरा हलतो, त्यामुळे पाण्याचं आणि ऑइलचं वेगळं गेज लावाच.

ब्रेक पॅड, डिस्क, ब्रेक ऑइल आणि टायर इंजिनाच्या आधी. यावर चर्चा नको.

७. पेट्रोलचा विचार

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती ते सांगायला नको, आणि त्याच ऊसाचं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के आहे. इथेनॉलने नॉकिंग कमी होतं, हा फायदा, पण त्यात ऊर्जा कमी, म्हणजे तेवढ्याच ताकदीला इंधन जास्त लागतं. नवं इंजिन ट्यून करताना इंजेक्टर आणि पंपाला तेवढी मोकळीक ठेवा. जुन्या गाडीच्या रबरी फ्युएल लाईन, ओ-रिंग, पंपाची जाळी बदलून घ्या, वीस वर्षांपूर्वीचं रबर याला टिकत नाही. १०० ऑक्टेन पेट्रोलवर ट्यून करून घेऊ नका जर ते तुम्हाला रोज मिळणार नसेल. जे पेट्रोल तुमच्या नेहमीच्या पंपावर मिळतं त्यावरच मॅप बनवा.

८. जुनं इंजिन विकत घेताना

बिल नाही, नंबर घासलेला, "साहेब काळजी करू नका" म्हणतोय, तिथून निघा. पोलिसांच्या डिजिटल पोर्टलवर इंजिन नंबर टाकून गाडी चोरीची आहे का बघता येतं, पैसे द्यायच्या आधी बघा. ऑइलचं झाकण काढून आत बॅटरी टॉर्च मारा, काळा गाळ किंवा चहासारखा फेस दिसला तर नको. क्रँक हाताने पान्याने फिरवून बघा. आणि इंजिनाबरोबर वायरिंग, ईसीयू, सगळे सेन्सर, शक्य असेल तर गिअरबॉक्स आणि किल्ली (इमोबिलायझर असतो) एकत्रच घ्या, कापलेलं वायरिंग स्वस्तात मिळतं आणि नंतर इलेक्ट्रिशियनच्या मजुरीत दुप्पट जातं.

९. गॅरेजकडून लेखी घ्या

तीन ठिकाणचे अंदाज घ्या आणि प्रत्येकात या ओळी वेगळ्या मागा: इंजिन, मशीन शॉपचं काम, माउंटिंग, वायरिंग, क्लच, कूलिंग, एक्झॉस्ट, ऑइल-कूलंट, ट्यूनिंग, आरटीओ. "सगळं मिळून एवढे" असा आकडा घेऊ नका. पैसे टप्प्याने द्या, आणि जुने पार्ट परत मागा. सोलापुरात चांगले मिस्त्री आहेत, हाताला फार कसबी, पण ईसीयू ट्यूनिंगला पुणे, मुंबई किंवा बंगळुरू गाठावंच लागतं. गाडी तिथपर्यंत कशी जाणार ते आधी ठरवा, कच्च्या मॅपवर चालवत नेऊ नका.

१०. बसवून झाल्यावर

पहिले पाचशे किलोमीटर एकाच स्पीडला धरून ठेवायचं नाही, आरपीएम वरखाली होऊ द्यायचा, पूर्ण दाबायचं नाही. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदला, जुनं ऑइल गाळून चुंबक फिरवा, बारीक पूड चालेल, कण दिसले तर थांबा. माउंटिंगचे बोल्ट परत टॉर्क करा, लीक बघा. मग आरटीओत गाडी दाखवून इंजिन नंबर चढवून घ्या, कायद्याने बदलाची माहिती १४ दिवसांत द्यायची असते म्हणून त्या तारखेची वेळ आधीच घेऊन ठेवा. नवी आरसी आली की तिची प्रत विमा कंपनीला लेखी पाठवा आणि पॉलिसीवर नंबर बदलून आल्याशिवाय गाडी गावाबाहेर काढू नका.